बारा दहा ते एक चाळीस

आमच्या घरात दिवा बंद करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी बटण बंद करायचं, मग आत कोणी आहे का ते विचारायचं. पद्धत माझ्या सासऱ्यांची. तिच्यामुळे घरातल्या प्रत्येकाला अंधारात साबण सापडतो, आणि माझा नवरा तर अंधारात दाढीसुद्धा करतो, फारसं न कापता.

"कोण आहे आत?"

"मी आहे, बाबा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

आधी म्हणजे कधी, हा प्रश्न लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला पडायचा. मग पडेनासा झाला.

सासरे चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. गेटजवळच्या छोट्या केबिनमध्ये बसून सुटणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ ते लिहीत. डेपोत त्यांना मिनिटकाटा म्हणत, तेही तोंडावर. त्यांना ते आवडायचं. तासकाटा म्हणाले असते तर मात्र मनाला लावून घेतलं असतं. त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं, ते म्हणजे उभ्या गाडीचं चालू इंजिन. ड्रायव्हर चहाला उतरला आणि मागे इंजिन घुरघुरत राहिलं, की मिनिटकाटा केबिनमधून निघे, गाडीत चढे, इंजिन बंद करी आणि चावी खिशात घालून परत येई. ड्रायव्हरला चावी मिळे ती पाच मिनिटांचं भाषण ऐकल्यावर. पाच म्हणजे पाचच.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. रोज साडेअकराला ते घरातून निघत, वर्तमानपत्रं वाचायला ग्रंथालयात जात आणि दोनला परत येत. डॉक्टरांनी साखर आणि तळलेलं बंद केल्यापासून सासूबाई त्यांच्यासाठी दुपारी वाफवलेल्या भाज्या करून ठेवत. ते त्यातल्या जेमतेम अर्ध्या खात.

"वाचून आलं की भूकच राहत नाही बघ," ते म्हणत.

"काय वाचता एवढं?" सासूबाई विचारत.

"अग्रलेख."

मी त्याच परिवहन संस्थेत मुख्यालयातल्या ऊर्जा विभागात काम करते. ऊर्जा विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. आमच्या बारा डेपोंचा विजेचा वापर कमी करायचा आणि जी लागेल ती शक्य तितकी उन्हातून मिळवायची, असं त्या विभागाचं काम. सुरुवात सासऱ्यांच्या जुन्या डेपोपासून झाली, कारण तिथल्या वर्कशॉपचं छप्पर सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत उघडं. आधी जुने दिवे बदलले. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या गळक्या नळ्या बदलल्या. त्या रात्रंदिवस फुसफुसत असत आणि कोणाला ऐकूही येत नसत, कारण सवय. मग छपरावर शंभर किलोवॅटची सौर पॅनेल चढवली. त्याआधी चार महिने मी पाण्याच्या टाकीची, मोबाइलच्या मनोऱ्याची आणि कुंपणाजवळच्या एका झाडाची सावली मोजत होते. या हंगामात रोज सरासरी चारशे तीस युनिट मिळतील, असा माझा हिशेब निघाला.

मुख्य अभियंता साहेबांनी तो कागद हातात धरून थोडा लांब नेला. "चारशे तीस. तीसही? चारशे म्हणा की."

"चारशे तीस येतील, सर."

"बरं. नव्वद दिवस बघू. सरासरी चारशेच्या वर राहिली तर बाकीचे अकरा डेपो तुमचे. खाली आली तर पॅनेल उतरवून मुख्यालयाच्या गच्चीवर लावू. निदान माझ्या केबिनचा एसी तरी चालेल."

मुख्यालयाच्या गच्चीवर दुपारी तीननंतर शेजारच्या इमारतीची सावली पडते. मी तीही मोजलेली होती. साहेबांना ते सांगितलं नाही, पण त्या सावलीचा आकार मला रोज दिसू लागला.

पहिला आठवडा छान गेला. सासरे गुडघा धरून घरात बसले होते आणि मी रोज ऑफिसच्या संगणकावर डेपोचा आलेख पाहत होते. सकाळी हळूहळू चढणारी, मध्यावर गोलसर होणारी आणि संध्याकाळी उतरणारी टेकडी. रोज चारशे तीसच्या आसपास. मग दुसऱ्या आठवड्यात त्या टेकडीच्या ऐन माथ्यावर विहीर पडली. बारा वाजून सहा मिनिटांनी वीजनिर्मिती शून्य. एक छत्तीसला यंत्र पुन्हा जागं, पाचेक मिनिटांत निर्मिती सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. रोजचे शंभर युनिट गायब.

पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. त्याला बाहेरच्या वीजवाहिनीचा आधार लागतो. तो तुटला की ते आपलं काम थांबवतं आणि तशी नोंद करतं. त्याच्या नोंदीत दर वेळी एकच ओळ होती : बाहेरची वीज नाही.

मी वीज कंपनीला फोन केला.

"आमचा पुरवठा अखंड आहे, मॅडम. तुमच्या यंत्रातच काहीतरी असेल."

मी यंत्राच्या कंपनीला फोन केला.

"आमचं यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम. वीज कंपनीला विचारा."

शेवटी दोघांनीही मला ढगांचा काही संबंध आहे का ते बघायला सांगितलं. ढग इतके वक्तशीर नसतात.

डेपोच्या वायरमनने स्विच रूममधला प्रत्येक स्क्रू आवळला. मग सैल करून पुन्हा आवळला. ढेरपोटा, शर्टाच्या खिशात टेस्टर, तोंडात कायम काहीतरी. बारा ते दोन तो घरी जेवायला जाई, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण बारा ते दोन सगळा डेपोच रिकामा असे. गाड्या रस्त्यावर, वर्कशॉप जेवायला.

"रविवारी खड्डा पडत नाही बघा," तो म्हणाला. "यंत्राला सुटी असते."

"यंत्राला सुटी कशी असेल?"

"कँटीनला असते ना. तसं."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण रविवारी मोठे कारखाने बंद असतात, म्हणून वाहिनीवर ताण कमी असतो, असं काहीतरी मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शिकलेल्या माणसाला कारण फार लवकर सापडतं.

मग मी स्वतः जाऊन उभी राहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना घरात सांगितलं, "उद्या दुपारी मी डेपोत आहे."

"उद्या?" सासऱ्यांनी विचारलं. "किती वाजता?"

"अकरा ते दोन."

"हं," ते म्हणाले आणि ताटातली भाजी कोपऱ्यात सारली.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ, मीटर आणि वही घेऊन इन्व्हर्टरसमोर बसले. बारा वाजले. सव्वाबारा झाले. यंत्र आपलं समाधानाने गुणगुणत होतं. एक वाजला, दोन वाजले. खड्डा नाही. त्या दिवशी चारशे चौतीस युनिट. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी बारा सहाला पुन्हा विहीर.

असं चार वेळा झालं. चार वेळा मी जाऊन बसले, चारही वेळा बिघाड झाला नाही. चौथ्या वेळी घर जवळ असलेला वायरमन जेवण लवकर उरकून आला आणि माझ्याकडे आदराने बघू लागला.

"मॅडम, तुम्ही आलात की हे शहाण्यासारखं वागतं. तुमचा एक फोटो लावून ठेवू का इथे?"

पाहणाऱ्याच्या पाहण्यानेच मोजमाप बदलतं, असं कॉलेजात अणूंच्या बाबतीत शिकवलं होतं. शंभर किलोवॅटच्या यंत्राबाबत कोणी बोललं नव्हतं.

एक्याऐंशी दिवस झाले. सरासरी तीनशे साठ. उरलेल्या नऊ दिवसांत सूर्य दीडपट तापला असता तरी चारशे गाठणं शक्य नव्हतं. साहेबांनी मुख्यालयाच्या गच्चीची मापं घ्यायला माणूस पाठवला. मला त्यांनी बोलावून घेतलं आणि खूप सौम्य आवाजात सांगितलं, "कारण लेखी द्या. पुराव्यासह. नाहीतर मला हिशेबच चुकला होता असं लिहावं लागेल." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला गॅस सिलिंडर कधी आला होता ते कॅलेंडरवर बघायला सांगितलं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर म्हणजे आमच्या घराचं दप्तर. दूध आलं नाही, गॅस आला, पाणी आलं नाही, सगळं सासूबाईंच्या बारीक अक्षरात. मी मागची पानं उलटली. सिलिंडर सापडला. त्याच्या वर, सोमवार ते शनिवार, सहा चौकोनांत एकच शब्द होता : गुडघा.

त्या सहा तारखा मला पाठ होत्या. पहिल्या आठवड्यातले ते सहा चांगले दिवस.

मी पान उलटलं. एका बुधवारी : यांचे डोळे, डॉक्टर. खड्डा नाही. एका शुक्रवारी : पुतण्याचं लग्न. खड्डा नाही. मी पिशवीतून वही काढली आणि ज्या दिवशी विहीर पडली नव्हती ते दिवस मोजले. चोवीस. बारा रविवार, सहा गुडघे, चार माझ्या भेटी, एक डोळे, एक लग्न.

"सापडला का सिलिंडर?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आई, डेपोच्या कँटीनला सुटी कधी असते?"

"मला काय माहीत? यांना विचार. नाहीतर नको, ते आता कुठे जातात तिकडे."

जेवताना मी उद्याबद्दल काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेबारालाच मी डेपोत वर्कशॉपजवळच्या जुन्या टायरांच्या ढिगामागे उभी होते. समोर कँटीनची मागची बाजू, तिथे हात धुवायचा नळ, आणि नळाला चिकटून स्विच रूमचं दार. दार कधीच बंद नसतं, कारण वायरमनची छत्री आत टांगलेली असते. बाराला वायरमन घरी गेला. बारा वाजून आठ मिनिटांनी कँटीनमधून माझे सासरे बाहेर आले.

त्यांनी नळावर हात धुतले. रुमालाने बोटंबोटं कोरडी केली. विजेला ओला हात लावायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत. घड्याळात बघत क्षणभर थांबले, आत गेले. आतून खट्ट असा आवाज आला आणि गुणगुण थांबली. मग ते बाहेर आले, छातीच्या खिशातून एक लहान वही काढली आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं.

"बाबा," मी टायरांमागून बाहेर येत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी कँटीनच्या खिडकीतल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे तळलेल्या बटाट्यांची एक प्लेट वाफाळत होती.

"ते माझे नाहीत," ते म्हणाले.

"काय?"

"बटाटे. मित्राचे आहेत. तो आत्ता उठून गेला."

"बाबा, तुम्ही आत काय केलंत?"

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. विषय बटाट्यांचा नव्हता. "आत होय? काही नाही गं. ते मशीन बंद केलं."

"का?"

"उभं होतं ना."

मी त्यांच्या खांद्यावरून दारातून आत पाहिलं.

"अगं, दुपारी इथे काय आहे? गाड्या बाहेर, वर्कशॉप जेवायला. आणि हे आपलं एकटंच घूं घूं घूं. पहिल्या दिवशी हात धुताना ऐकलं आणि जेवण गोड लागेना. आत जाऊन त्याच्यावरचा आकड्यांचा पडदा बघितला. तयार होते सत्तर, डेपोला लागते पाच. पासष्ट वाया! मग तो लाल मुठीचा स्विच दिसला. म्हटलं, सूनबाईचं नवं यंत्र आहे, उगाच झिजायला नको. जेवायला बसताना बंद करतो, उठताना चालू करतो. रोज. बारा दहा, एक चाळीस."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार कसं?" ते खाली बघत म्हणाले. "मग मी इथे काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. तू येणार म्हणालीस की मी यायचोच नाही. सुनेसमोर बटाटे खायचे म्हणजे…" ते थांबले. "मित्राचे."

मी आत जाऊन स्विच चालू केला. यंत्र लगेच सुरू होत नाही. बाहेरच्या वाहिनीशी जुळवून घ्यायला पाचेक मिनिटं घेतं. सासरे घड्याळ धरून उभे राहिले.

"पाच मिनिटं दहा सेकंद," गुणगुण सुरू झाल्यावर ते म्हणाले. "लेट आहे."

मग मी त्यांना गेटजवळच्या मीटरपाशी नेलं. पूर्वीच्या त्यांच्या केबिनच्या भिंतीलाच तो बसवलेला होता. त्याच्या पडद्यावर एक छोटा बाण असतो. वीज आत येत असेल तर आत वळलेला, बाहेर जात असेल तर बाहेर.

"बाण कुठे आहे?"

"बाहेर."

"समोर काय आहे, बाबा?"

त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. "इस्त्रीचं दुकान. दातांचा दवाखाना. वरती टायपिंगचा क्लास."

"आपल्याला लागत नाही ती वीज या वायरीतून तिकडे जाते. त्यांची इस्त्री आत्ता आपल्या छपरावर चालली आहे. किती गेली ते हा मीटर लिहून ठेवतो, आणि संध्याकाळी आपल्या बॅटरीच्या गाड्या चार्जिंगला लागल्या की तेवढी आपल्याला परत मिळते. दुपार हीच या यंत्राची खरी कामाची वेळ आहे."

बराच वेळ ते बाणाकडे बघत होते. इस्त्रीवाल्याने दुकानातून हात हलवला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे गाडी उभी नव्हती," ते हळू म्हणाले.

"नाही."

"गेटबाहेर गेली होती. भरून."

"हो."

"जादा गाडी होती ती."

"हो, बाबा. रोजची."

"आणि मी ती रद्द केली." त्यांनी वही उघडली, बोटाने ओळी मोजल्या. मोजायची गरज नव्हती, प्रत्येक ओळीला अनुक्रमांक होता. "आजची धरून अठ्ठावन्न वेळा."

मी त्यांना आतापर्यंतची सरासरी सांगितली, नव्वद दिवसांची अट सांगितली आणि गच्चीची मापं घेणाऱ्या माणसाबद्दलही सांगितलं. नाहीतरी ते मला कोणाला तरी सांगायचंच होतं. ते जुन्या केबिनच्या पायरीवर बसले.

"तुमचं नाव यात कुठेही येणार नाही," मी म्हटलं. "स्विच चुकून बंद होत होता, एवढंच लिहीन."

"चुकून? अठ्ठावन्न वेळा, ठीक बारा दहाला, चुकून?" ते जवळजवळ चिडले. "कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला नसता. फेरी रद्द झाली की कारण लेखी द्यायचं, वेळेसह, सहीसह. हा नियम या डेपोत मीच लावला होता. हे माझं मलाच बघू दे."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. चार रकाने, पट्टीने आखलेले. दिनांक. बंद केल्याची वेळ. चालू केल्याची वेळ. शेरा. पहिले तीन रकाने वाचून माझे डोळे भरून आले. इतका सुंदर पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग चौथा रकाना वाचला. "बटाटे एक प्लेट, चहा साखरेसह दोन." "बटाटे दीड प्लेट." "केक, क्रीमसह. कँटीनच्या मावशींचा आग्रह."

"बाबा, हे कशाला लिहिलंत?"

"जे घडलं ते लिहायचं. एक गोष्ट गाळली की अख्खी नोंद खोटी." ते जरा घुटमळले. "सूनबाई, तेवढा रकाना… झाकता येईल का?"

नव्वद दिवस संपल्यावर मुख्यालयात बैठक झाली. साहेब आणि समितीचे दोन सभासद टेबलाच्या पलीकडे, अलीकडे मी आणि आलेख. एक्याऐंशी दिवसांनंतरच्या पहिल्या दिवशी तेवढी पाच-सहा मिनिटांची खाच होती, पुढच्या आठ टेकड्या अखंड. या नऊ दिवसांची सरासरी चारशे एकतीस.

"सुधारलं, मान्य," साहेब म्हणाले. "पण आधीचे एक्याऐंशी दिवस? कोणीतरी स्विच बंद करत होतं, असं तुम्ही म्हणता. कोण? आणि बरोबर बाराला? असं तर मी माझ्या कुठल्याही चुकीबद्दल म्हणेन."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सासरे आत आले. अंगावर टाइमकीपरचा जुना गणवेश, कडक इस्त्रीचा. ती इस्त्री कुठल्या दुकानातली होती हे मला नंतर कळलं.

"फेऱ्या रद्द केल्याचं कारण सादर करायला आलो आहे," ते म्हणाले आणि वही टेबलावर ठेवली.

साहेब वहीतून वाचू लागले आणि मी यंत्राच्या नोंदीतून. सात-आठ तारखा झाल्यावर साहेबांनी हात वर केला.

"थांबा. वहीत बारा दहा, यंत्रात बारा सहा. वहीत एक चाळीस, यंत्रात एक छत्तीस. हे जुळत नाही."

ते मलाही दिसलं होतं. चार-पाच मिनिटं इकडेतिकडे होणारच, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

"रोज चारच मिनिटांचा फरक आहे का, साहेब?" सासऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी पुढची दोन पानं चाळली. "रोज चारच."

"मग यंत्राचं घड्याळ मागे आहे."

"यंत्राचं?"

"माझं तर नसणार."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं, की समितीतल्या एकाने नकळत मान डोलावली. साहेबांनी डेपोत फोन लावला आणि वायरमनला यंत्राच्या पडद्यावरची वेळ वाचायला सांगितली.

"अकरा एकोणीस, साहेब," फोनमधून आवाज आला.

सगळ्यांनी आपापले मोबाइल पाहिले. अकरा तेवीस. सासऱ्यांनी मनगट पुढे केलं. अकरा तेवीस.

"यंत्राला वेळ कोणी लावली होती?" साहेबांनी विचारलं.

"मी, सर," मी म्हटलं. कानांपर्यंत गरम झाल्यासारखं वाटलं. "याच खोलीत बसून. त्या घड्याळावरून."

साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ होतं. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. अकरा एकोणीस.

"तरीच," साहेब म्हणाले. "नऊ वर्षं मला कळत नव्हतं, की बैठकीला सगळे माझ्या आधी कसे येऊन बसतात."

सासरे उठले, खुर्चीवर चढले आणि घड्याळ चार मिनिटं पुढे केलं. कोणी अडवलं नाही.

बंद पडलेले दिवस हिशेबातून वगळायचे, नव्याने नव्वद दिवस मोजायचे आणि त्या स्विचला कुलूप लावायचं, असं ठरलं. चावी डेपोतल्या वेळेच्या पक्क्या माणसाकडे ठेवावी, असं साहेबांनी सुचवलं आणि कोणाकडे ते वेगळं सांगितलं नाही. वहीची प्रत अहवालाला जोडायची होती.

"शेवटचा रकाना सोडून चालेल का, साहेब?" सासऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी तो रकाना वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग टेबलावरची पट्टी घेऊन त्यावर उभी ठेवली आणि स्वतःच्या हाताने प्रत काढली. "मलाही बंदच आहे," ते हळूच म्हणाले. "मावशी अजून क्रीम तेवढंच घालतात का?"

एवढ्यावर भागलं असतं. पण आठवड्याने घरी मुख्यालयाचं आभारपत्र आलं. पत्र सासूबाईंनी उघडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. मी भाजी चिरत होते. सासरे आंघोळीला गेले होते.

"'महोदय, निवृत्तीनंतरही आपण डेपोच्या उपाहारगृहात दररोज दुपारी बारा दहा ते एक चाळीस या वेळेत नियमित उपस्थित राहून ज्या अचूक नोंदी ठेवल्या, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे.'"

सासूबाईंनी पत्र पुन्हा एकदा मनात वाचलं. घडी घातली. चष्मा काढून ठेवला. मग उठल्या, बाथरूमपाशी गेल्या आणि दाराबाहेरचं बटण बंद केलं.

"अरे, कोण आहे? मी आहे आत!" आतून आवाज आला.

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "अग्रलेख वाचतेय मी. वाचून झाला की लावते."

दुसरे नव्वद दिवस गेल्या महिन्यात संपले. सरासरी चारशे अठ्ठावीस. एका आठवड्यात खरोखरच ढग होते. दुसऱ्या डेपोच्या छपरावर पुढच्या आठवड्यात काम सुरू होतंय. गच्चीची मापं घेणारा माणूस साहेबांनी तिकडे पाठवला आहे.

सासरे अजून रोज साडेअकराला निघतात. बारा दहाला कुलूप बघतात, पडदा बघतात, गेटवर जाऊन बाण बघतात आणि लिहितात. स्विच रूमच्या दारात उभे असताना त्यांचे दोन्ही हात खिशात असतात. यंत्राची गुणगुण अजून सहन होत नाही, असं ते सांगतात. परवा मी डेपोत गेले होते तेव्हा त्यांनी वही दाखवली. नवे रकाने आखले आहेत, पण चौथा ठेवला आहे, कारण जे घडलं ते लिहायचं.

"१२.१०. चालू. तयार ७१, बाहेर ६६. शेरा : उकडलेला दुधी. डबा घरचा."